पलटवार करावा कसा आणि आवरावा कधी: ऑनलाइन रणनीती-खेळांतील शिष्टाचार

रणनीतीच्या ऑनलाइन खेळांत आपल्यावर हल्ला झाल्याचे बहुतेक वेळा सकाळी उठल्यावर कळते. रात्री भरलेली कोठारे रिकामी असतात, तटबंदी पडलेली असते आणि अहवालात एखाद्या अनोळखी खेळाडूचे नाव दिसत असते. चहाला उकळी फुटेपर्यंत आपण त्याच्या दिशेने सैन्य रवानाही केलेले असते. नाशिकमध्ये राहून गेली पंधरा-सोळा वर्षे मी हे खेळ खेळत आहे आणि त्यांतील बराच काळ चाळीस-पंचेचाळीस जणांच्या एका अलायन्सचा, म्हणजे एकत्र खेळणाऱ्या गटाचा, लीडर होतो. पहिल्या हल्ल्याने आमचे मोठे नुकसान क्वचितच झाले. ते झाले चहाच्या आधी पाठवलेल्या सैन्यामुळे.

पलटवार करूच नये, असे सांगण्यासाठी हा लेख लिहिलेला नाही. जो खेळाडू कधीच उलटून येत नाही, त्याचे गाव आठवडाभरात चार जणांच्या लुटीच्या यादीत जाते आणि पुढे त्याला कोणी शत्रू म्हणूनही मोजत नाही. खेळाडूंच्या भाषेत तो ‘फार्म’ होतो. उत्तर द्यावेच लागते. मात्र ते कोणत्या क्षणी संपले असे मानायचे, हे सैन्य निघण्याआधी ठरलेले आणि कोठेतरी लिहिलेले असावे. खालील सर्व सूचना या एका गोष्टीभोवती फिरतात.

आधी खेळाची जात ओळखावी

सर्वच हल्ले सारखे नसतात आणि सर्व खेळही सारखे नसतात. २०१२ साली आलेल्या ‘क्लॅश ऑफ क्लॅन्स’सारख्या खेळात प्रतिस्पर्धी सहसा खेळच शोधून देतो. समोरच्याने आपल्याला निवडलेले नसते. त्याने ‘शोधा’ असे म्हटले, तीन-चार गावे पाहून सोडून दिली आणि आपल्या गावात लूट बरी दिसली म्हणून हल्ला केला. या खेळाच्या बचावाच्या नोंदीत ‘रिव्हेंज’ नावाचे बटण मिळत असे आणि एका हल्ल्यासाठी ते एकदाच वापरता येत असे. बदला कोठे संपतो हे तेथे खेळानेच ठरवून दिले होते. असे बटण दाबण्यात कोणताही असभ्यपणा नाही, आणि आपल्यावर कोणी ते दाबले तर त्याच्या क्लॅनच्या (गटाच्या) लीडरला तक्रारीचा संदेश पाठवणे हास्यास्पद ठरते. माझ्या ओळखीच्या एका महाविद्यालयीन मुलाने अशाच एका हल्ल्याचा राग धरून समोरच्याचा क्लॅन शोधला, त्यात प्रवेश मिळवला आणि तेथे शिव्या दिल्या. त्याला बाहेर काढायला त्यांना अर्धे मिनिट लागले, आणि त्याचे स्क्रीनशॉट मात्र आमच्या क्लॅनच्या नावावर कित्येक महिने फिरत राहिले.

‘ट्रॅव्हियन’, ‘ट्रायबल वॉर्स’ किंवा ‘ओगेम’ यांसारख्या खेळांत स्थिती निराळी आहे. येथे नकाशा कायमचा असतो, शेजारी बदलत नाहीत आणि डाव महिनोन्महिने चालतो. ज्याचे गाव आज आपण जाळू तो उद्याही नकाशाच्या चौदा घरांवरच (चौकटींवरच) राहणार असतो. म्हणून येथे पलटवाराला शेजाऱ्यांच्या भांडणाचे सर्व नियम लागू होतात, आणि या लेखातील बहुतेक सूचना अशाच खेळांविषयी आहेत.

अहवाल नीट वाचावा

अहवालातून तीन गोष्टी काढाव्यात: काय नेले, काय तोडले आणि कोणी केले. ट्रॅव्हियनमध्ये लुटीचा हल्ला आणि पूर्ण हल्ला हे दोन वेगळे प्रकार आहेत. घोडदळ येऊन धान्य आणि लाकूड घेऊन गेले, तर त्यात वैर असेलच असे नाही. तो त्या शेजाऱ्याचा रोजचा व्यवसाय असू शकतो. कॅटापुल्ट, म्हणजे इमारती पाडणारे दगडफेकी यंत्र, आणून मुख्य इमारत पाडली असेल, तर त्यामागे निश्चित हेतू आहे. या दोहोंना एकाच मापाचे उत्तर देणे हा नवख्या लीडरचा सर्वांत नेहमीचा दोष आहे. नुसती टेहळणी झाली असेल, तर उत्तर म्हणून उलट टेहळणी करावी आणि एवढ्यावर थांबावे.

हल्ला अजून वाटेत असेल, तर त्याहून उपयुक्त एक हिशेब करता येतो. येणाऱ्या हल्ल्यात किती सैन्य आहे हे ट्रॅव्हियन दाखवत नाही, पण ते कधी पोहोचेल हे दाखवते. आणि सैन्याची चाल नेहमी त्यातील सर्वांत मंद घटकाप्रमाणे ठरते. साध्या वेगाच्या सर्व्हरवर रोमनांचे इक्वाइट्स इम्पेरातोरिस हे घोडदळ तासाला १४ घरे चालते, तर कॅटापुल्ट तासाला ३ घरे चालतात. शत्रूचे गाव ४२ घरांवर असेल आणि सूचना दिसली तेव्हाच पोहोचायला तीन तासांपेक्षा कमी वेळ उरला असेल, तर यावरून काहीच सिद्ध होत नाही, कारण सैन्य आधीच निघालेले असू शकते. पण तेरा-साडेतेरा तास दिसत असतील, तर त्या अंतरासाठी कॅटापुल्टची चाल बरोबर जुळते आणि कोणीतरी इमारती पाडायला येत आहे किंवा तसे भासवत आहे, हे समजते. भासवण्यासाठी एकच कॅटापुल्ट पुरतो. घाबरून सर्व मदत एका गावात ओढणाऱ्या अलायन्सचे दुसरेच गाव पडलेले मी पाहिले आहे.

आता हाच हिशेब स्वतःवर लावावा. आपण रागाने कॅटापुल्टसह सैन्य पाठवले, तर ते जायला १४ तास आणि यायला १४ तास, म्हणजे २८ तास घराबाहेर असते. टूर्नामेंट स्क्वेअर ही सैन्याचा वेग वाढवणारी इमारत बांधलेली असेल तर लांबच्या पल्ल्यावर हा काळ कमी होतो, पण तो मुळीच नाहीसा होत नाही. सकाळी सातच्या पाळीला अंबडच्या औद्योगिक वसाहतीत जाणारा माणूस सहा वाजता सैन्य काढतो, तेव्हा ते शत्रूच्या दारात रात्री आठ वाजता पोहोचणार असते आणि परत येणार असते दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला, म्हणजे तो पुन्हा यंत्रावर उभा असताना. एवढा वेळ त्याचे गाव उघडे राहते. समोरचा खेळाडू अनुभवी असेल, तर पहिला हल्ला त्याने याचसाठी केलेला असतो.

हल्ला कोणी केला, हा प्रश्न वाटतो त्याहून अवघड आहे. अहवालातील नाव हे खात्याचे नाव असते, माणसाचे नसते. खेळाडू गावी, परीक्षेला किंवा रुग्णालयात असला की त्याचे खाते सिटर, म्हणजे त्याने नेमलेला बदली खेळाडू, सांभाळतो. ट्रॅव्हियनमध्ये असे दोन सिटर नेमता येतात. सिटरला करार ठाऊक असतीलच असे नाही. हे मी पुस्तकातून शिकलो नाही, त्यामुळे थोडे सविस्तर सांगतो.

२०११ सालच्या फेब्रुवारीत आमच्या अलायन्समध्ये दिंडोरी तालुक्यातील एक द्राक्षबागायतदार होता. खुडा चालू झाल्यावर त्याला दिवस-रात्र बागेत राहावे लागत असे, म्हणून त्याने सिडकोत राहणाऱ्या आपल्या मावसभावाला सिटर नेमले. चार दिवसांनी शेजारच्या अलायन्सने, ज्यांच्याशी आमचा अनाक्रमण करार होता, या बागायतदाराच्या गावावर कॅटापुल्ट घातले. मी तेव्हा कॉलेज रोडवरच्या एका सायबर कॅफेत बसून खेळत असे आणि तासाचे पैसे वाया जाऊ नयेत म्हणून निर्णयही घाईने घेत असे. कराराचा भंग झाला, असे मी अलायन्सला कळवले आणि सर्वांना सैन्य काढायला सांगितले. एकोणीस दिवस युद्ध चालले आणि आमची अकरा गावे पडली.

नवव्या दिवशी पलीकडच्या लीडरने मला जुने अहवाल पाठवले. कॅटापुल्ट येण्याच्या आधीच्या तीन रात्री आमच्या बागायतदाराच्या खात्यातून त्यांच्या एका सदस्याला अकरा वेळा लुटले गेले होते. मावसभावाला रात्री झोप येत नव्हती आणि समोरचे गाव भरलेले दिसले. त्याच्या दृष्टीने एवढेच घडले होते. पहिला दगड आमचा होता. खरी नामुष्की पुढे आहे. हे कळल्यावरही आम्ही आणखी दहा दिवस लढलो, कारण एव्हाना मी अलायन्सच्या गटात जी भाषा वापरली होती तिच्यावरून मागे फिरायला तोंड उरले नव्हते. मार्चमध्ये बागायतदार परत आला, त्याने आपली दोन गावे शोधली, ती सापडली नाहीत, आणि त्याने मला एवढेच लिहिले: “दादा, मी तर बागेत होतो.”

म्हणून कॅटापुल्ट आले की प्रथम आपल्याच सदस्याची गेल्या आठवड्यातील हल्ल्यांची नोंद मागवावी. ती द्यायला तो टाळाटाळ करू लागला, तर बहुधा उत्तर मिळालेले असते.

निरोप पाठवावा, आणि तो लिहून पाठवावा

ज्यांच्याशी करार आहे किंवा ज्यांच्याशी वैर नको आहे, त्यांच्या लीडरला सैन्य काढण्यापूर्वी संदेश जावा. संदेश थंड असावा. आम्ही पुढे जो नमुना वापरू लागलो तो साधारण असा होता:

“नमस्कार. आपल्या एका सदस्याने मंगळवारी सर्व्हरच्या वेळेनुसार पहाटे ३.१० ते ५.४० या काळात आमच्या (−१९|३७) या गावावर चार हल्ले केले. चारही अहवाल सोबत जोडले आहेत. आपला करार चालू आहे असे आम्ही समजतो. हे हल्ले आपल्या संमतीने झाले की सदस्याच्या मर्जीने, एवढे बुधवारी सर्व्हरच्या वेळेनुसार रात्री ९ पर्यंत कळवावे. तोपर्यंत आमच्याकडून सैन्य निघणार नाही.”

यात एकही विशेषण नाही आणि एकही धमकी नाही. ‘मर्जीने’ या शब्दाने समोरच्या लीडरला अब्रू राखून बाहेर पडायला दार ठेवले आहे. तो म्हणू शकतो की मुलाने परस्पर केले, आम्ही त्याला समज देतो. ‘उद्या’ हा शब्द मुद्दाम टाळला आहे. आपण ग्रिनिच वेळेच्या साडेपाच तास पुढे आहोत, सर्व्हर भलत्याच देशाच्या वेळेवर चालतो, आणि आपला ‘उद्या’ हा पलीकडच्याचा ‘आज’ असू शकतो. उत्तर आले नाही, तर दिलेली मुदत पाळावी: आधी पाठवू नये, आणि मुदत उलटल्यावर मग उगाच दुसरी मुदतही देऊ नये.

अलायन्सच्या आतील आज्ञांबाबत तर याहून अधिक काटेकोर असावे. गंगापूर रोडने जाता-येता आनंदवली ओलांडणाऱ्या नाशिककरांना ‘ध चा मा’ समजावून सांगण्याची गरज नाही. हे गाव आनंदीबाईंच्या नावाने ओळखले जाते, आणि १७७३ साली नारायणराव पेशव्यांना ‘धरावे’ असे लिहिलेल्या पत्रात त्यांनी एका अक्षराचा फेर करून ‘मारावे’ केले अशी कथा पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. कथा खरी असो वा नसो, गटातल्या गप्पांत हा फेर करायला कोणी आनंदीबाई लागत नाही. “त्याच्यावर लक्ष ठेवा” असे मी एकदा ध्वनिसंदेशात सांगितले होते. दोन तोंडांतून जाऊन ते “तो आपले लक्ष्य आहे” असे झाले आणि रात्रीच्या पाळीतल्या तिघांनी इमानाने त्याला लुटले. त्यानंतर आमच्याकडे हल्ल्याची आज्ञा एकाच ठिकाणी आणि एकाच साच्यात लिहिली जाऊ लागली: लक्ष्याचे स्थान, लूट की पूर्ण हल्ला, कॅटापुल्ट आहेत की नाहीत, पोहोचण्याची वेळ, एकूण हल्ले किती, आणि शेवटी “यानंतर कोणीही पाठवणार नाही” हे वाक्य. हे शेवटचे वाक्य नसेल तर आज्ञा अपुरी समजावी, असा नियम होता.

मात्रा

पलटवार किती असावा, याला बहुतेक जण ‘जशास तसे’ असे उत्तर देतात आणि ते उत्तर वाईट नाही. मिशिगन विद्यापीठातील रॉबर्ट ॲक्सेलरॉड यांनी १९८० च्या सुमारास संगणक-प्रोग्रॅमची एक स्पर्धा घेतली होती, ज्यात प्रत्येक प्रोग्रॅमने दुसऱ्याशी पुन्हा पुन्हा व्यवहार करायचा आणि दर वेळी सहकार्य करायचे की दगा द्यायचा हे ठरवायचे होते. पहिल्या फेरीत १४ आणि दुसऱ्या फेरीत ६२ प्रवेशिका होत्या, आणि दोन्ही वेळा अनातोल रॅपोपोर्ट यांचा, सर्वांत लहान असलेला प्रोग्रॅम पहिला आला. तो पहिल्यांदा सहकार्य करीत असे आणि पुढे समोरचा मागच्या खेपेस जसा वागला तसाच वागत असे. त्याचे दोन गुण आपल्या कामाचे आहेत: तो आपण होऊन दगा देत नसे, आणि एकदा उत्तर दिल्यावर जुने उकरून काढत नसे.

मात्र या पद्धतीला एक छिद्र आहे, आणि खऱ्या खेळात नेमके तेच आडवे येते. एखादी चाल चुकून झाली किंवा चुकीची वाचली गेली, तर दोन्ही बाजू ‘जशास तसे’ वागत राहून एकमेकांच्या चुकीचे पडसाद अखंड परतवत बसतात. सिटर, चुकून दाबलेले बटण आणि वेळेचा घोळ यांनी भरलेल्या खेळात हे रोज घडते. यावरचा उपाय म्हणजे किंचित सैल हात: पहिला अपराध निरोपावर सोडावा, दुसऱ्याला तेवढेच उत्तर द्यावे, आणि ते देताना नेहमी किंचित कमी द्यावे. चार लुटींना तीन लुटींचे उत्तर गेले, तर आपण मोजून थांबलो हे समोरच्याला दिसते. पाच गेल्या, तर आता त्याची पाळी आहे असे त्याला वाटते.

काही खेळांनी ही मात्रा नियमांतच घातली आहे. ओगेममध्ये एका सक्रिय खेळाडूच्या एकाच ग्रहावर २४ तासांत सहापेक्षा अधिक हल्ले करणे हे ‘बॅशिंग’ ठरते आणि त्याबद्दल खात्यावर बंदी येऊ शकते; अलायन्सने रीतसर युद्ध जाहीर केले असेल तर ही मर्यादा उठते. “त्याने आधी केले” ही सबब तेथे चालत नाही. ‘सिव्हिलायझेशन ६’मध्ये २०१९ च्या विस्तारापासून दोन राष्ट्रांमधील तक्रारींचा हिशेब तराजूसारखा ठेवला जातो: अचानक युद्ध पुकारणाऱ्याच्या विरुद्ध पारडे झुकते, पण चिडलेल्या पक्षाने शहरामागून शहर घ्यायला सुरुवात केली की तेच पारडे हळूहळू उलटते आणि मूळ पीडितच आक्रमक ठरतो. खेळाच्या पडद्यावर हा आकडा दिसतो. माणसांच्या अलायन्समध्ये तो दिसत नाही, पण शेजारच्या चार लीडरांच्या मनात तो मांडलेला असतो, आणि पुढच्या वेळी मदत मागायला गेल्यावर कळतो.

नवख्या खेळाडूवर, म्हणजे सुरुवातीचे संरक्षण नुकतेच संपलेल्यावर, पलटवार करण्यापूर्वी त्याला दोन ओळी लिहाव्यात. अर्ध्याहून अधिक वेळा तो माफी मागतो, आणि त्यांतील काही जण पुढे आपल्याच अलायन्समध्ये येतात. ज्याला आपण महिनाभर स्वतःच लुटत होतो त्याने एकदा उलटून मारले, तर त्यावर पलटवार करण्याचा हक्क सांगू नये. लुटीचा खर्च म्हणून तो नोंदवून मोकळे व्हावे.

आणि बळच नसेल तर? तर न मारता उत्तर देता येते. झोपण्यापूर्वी साठा खर्च करावा, उरलेला क्रॅनीत, म्हणजे साठा लपवण्याच्या इमारतीत, बसेल एवढाच ठेवावा. ओगेमचे जुने खेळाडू रात्री आपला ताफा मुद्दाम लांबच्या फेरीवर पाठवून सकाळी परत येईल असे करतात, म्हणजे घरी हल्ला झाला तरी जहाजे सापडत नाहीत. सलग तीन रात्री रिकाम्या हाताने परतलेला लुटारू चौथ्या रात्री दुसऱ्या कोणाकडे वळतो. याला कोणी भित्रेपणा म्हणाले, तर म्हणू द्यावे.

एकाचा राग, सगळ्यांचे बिल

व्यक्तीचा पलटवार अलायन्सचा कधी होतो, हे समजायलाच हवे, कारण परिणामांचा खरा विस्तार येथे आहे. आइसलंडच्या सीसीपी कंपनीच्या २००३ साली सुरू झालेल्या ‘ईव्ह ऑनलाइन’ या अंतराळातील खेळात याची जगप्रसिद्ध उदाहरणे आहेत. जानेवारी २०१३ मध्ये असाकाई या सूर्यमालेत एका खेळाडूने आपल्या टायटन या अतिविशाल जहाजातून ताफ्याला पुढे पाठवायच्या ऐवजी चुकीचे बटण दाबले आणि तो स्वतःच शत्रूच्या मध्यभागी जाऊन पडला. त्याला वाचवायला एक बाजू धावली, संधी साधायला दुसरी धावली, दोहोंनी मित्रांना हाका मारल्या, आणि अडीच हजारांहून अधिक खेळाडू त्या लढाईत ओढले गेले. पुढच्याच वर्षी, २७ आणि २८ जानेवारी २०१४ रोजी, बी-आर५आरबी येथे सुमारे २१ तास लढाई चालली आणि ७५ टायटन नष्ट झाले. नुकसानीचा अंदाज खऱ्या पैशांत सुमारे तीन लाख डॉलर इतका सांगितला गेला. तिची ठिणगी होती त्या सूर्यमालेवरील हक्कासाठी भरायचा एक हप्ता वेळेवर न भरला जाणे. दोन्ही वेळा एवढी मोठी लढाई मुळात कोणी ठरवली नव्हती. मित्राला मारले म्हणून मी, मला मारले म्हणून माझा मित्र, एवढ्या साखळीने ती उभी राहिली.

याच खेळातील एक रचना मात्र मला फार शहाणपणाची वाटते. सुरक्षित भागात कोणी अकारण हल्ला केला, तर कॉन्कॉर्ड नावाचे पोलीसदल हल्लेखोराचे जहाज नष्ट करते, पण बळीला वाचवण्याची हमी देत नाही. आणि बळीला ‘किल राइट’ म्हणजे त्या विशिष्ट हल्लेखोरावर उलटून हल्ला करण्याचा हक्क मिळतो, जो ३० दिवसांनी संपतो. हक्क एकाच माणसाविरुद्ध आहे, त्याच्या पूर्ण गटाविरुद्ध नाही, आणि त्याला मुदत आहे. आम्ही आमच्या अलायन्समध्ये हाच नियम मराठीत लिहून ठेवला. सदस्याला हल्ला झाल्यापासून सात दिवसांत, त्याच खेळाडूवर, हल्ल्यांच्या संख्येच्या मर्यादेत, स्वतःच्या सैन्याने उत्तर देण्याची मोकळीक होती. कॅटापुल्ट वापरायचे असतील, दुसऱ्याची मदत घ्यायची असेल किंवा मुदत उलटली असेल, तर लीडर आणि दोन को-लीडर यांची संमती लागत असे.

संमती देताना लीडरने नकाशाकडे पाहण्याआधी सदस्यांच्या दिनक्रमाकडे पाहावे. युद्ध जाहीर झाल्यावर शत्रू सर्वांत बलवान गावावर येत नाही. जे गाव जागे नाही त्यावर येतो. आमच्याकडे जानेवारी ते मार्च निफाड-दिंडोरीकडचे बागायतदार जवळजवळ बेपत्ता असत, परीक्षांच्या दिवसांत महाविद्यालयीन मुले नसत, आणि सातपूर-अंबडच्या पाळ्या दर आठवड्याला बदलत. कोण केव्हा जागा आहे याचा तक्ता न करता पुकारलेले युद्ध म्हणजे गैरहजर माणसांच्या जिवावर दाखवलेली मर्दुमकी होय. ते मी स्वतः केले असल्यामुळे एवढ्या कडक शब्दांत म्हणू शकतो.

खेळाच्या कुंपणाबाहेर

याबाबत फार लिहिण्याची गरज नसावी. समोरच्याचे खरे नाव, छायाचित्र, महाविद्यालय किंवा फोन नंबर शोधून गटात टाकणे, त्याच्या घरच्यांवर, जातीवर किंवा गावावरून बोलणे, “कॅनडा कॉर्नरला ये, दाखवतो” असे सांगणे, हे पलटवार नव्हेत. दुसऱ्याचा पासवर्ड मिळवून त्याच्या खात्यातले सैन्य मारून टाकणे हाही गमतीचा भाग नाही: माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६ सी (66C) नुसार दुसऱ्याचा पासवर्ड अप्रामाणिकपणे वापरल्यास तीन वर्षांपर्यंत कारावास आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. आपल्यावर असे झाले, तर उलट हॅकिंग करायला कोणा मित्राला सांगू नये. स्क्रीनशॉट जपून ठेवावेत, खेळाच्या मदत-कक्षाला कळवावे आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवावी. सोबत पैसेही गेले असतील तर १९३० या क्रमांकावर ताबडतोब फोन करावा. खेळणारा मुलगा अल्पवयीन असेल, तर हे घरी सांगायला तो घाबरतो, म्हणून लीडरनेच त्याला तसे करायला लावावे.

मिटवणे

ठरवलेले हल्ले पूर्ण झाले की त्याच दिवशी पलीकडे दुसरा संदेश जावा: “आमच्या बाजूने विषय संपला आहे.” हे न कळवता नुसते थांबले, तर समोरचा त्या शांततेचा अर्थ तयारी असा लावतो. विजयाचे अहवाल सार्वजनिक ठिकाणी लावू नयेत. ज्याचे गाव गेले त्याला ते गेल्यापेक्षा त्यावर हसलेले जास्त दिवस आठवते. ‘जीजी’ (गुड गेम, म्हणजे खेळ छान झाला) म्हणावे, पण ते हरलेल्याने म्हटल्यानंतर म्हणावे. एखादा लीडर बोलणी करायला तयार असेल, तर त्याच्या सदस्यांना आपल्याकडे ओढण्याचा प्रयत्न तेवढ्या काळापुरता थांबवावा.

नवा करार करताना “आपण मित्र” एवढ्यावर भागवू नये. कोणत्या गावांना लागू आहे, सिटरने केलेल्या हल्ल्याची जबाबदारी कोणाची, चुकून लूट झाली तर किती भरपाई आणि किती दिवसांत, आणि करार मोडायचा असेल तर किती तासांची पूर्वसूचना, या चार गोष्टी त्यात असाव्यात. आमच्याकडे पूर्वसूचनेची मुदत ४८ तास असे. जेथे दोन्ही गटांना एकच जागा हवी असेल, तेथे मैत्रीपेक्षा हद्द बरी. सिंहस्थात शैव आखाडे त्र्यंबकेश्वरला आणि वैष्णव आखाडे नाशिकला रामकुंडावर स्नान करतात, ती वाटणी आधी कोणी जायचे या जुन्या तंट्यातून आली असे सांगतात. प्रेम वाढवण्यापेक्षा घाट वेगळे करणे सोपे पडले. आम्हीही पुढे नकाशावर एक आडवी रेघ मारली आणि तिच्या वर त्यांचे, खाली आमचे असे ठरवले.

शेवटचे काम कंटाळवाणे आहे आणि म्हणून राहून जाते. युद्धकाळात प्रत्येकाने आपल्या फार्म-लिस्टमध्ये शत्रूची गावे भरलेली असतात आणि एका क्लिकवर सर्व ठिकाणी लूट निघते. तह झाल्यावर माणसे तह विसरत नाहीत, यादी विसरतात. आमच्या त्या एकोणीस दिवसांच्या युद्धानंतर चौथ्या रात्री पलीकडच्या तीन गावांवर पुन्हा लूट गेली, आणि मी धडधडत्या छातीने अहवाल उघडला तेव्हा खाते होते दिंडोरीच्या बागायतदाराचे आणि वेळ होती पहाटे अडीचची. आम्ही दुप्पट धान्य भरपाई पाठवली आणि सुदैवाने त्यांनी ती घेतली. तेव्हापासून तह जाहीर करण्यापूर्वी मी प्रत्येक सदस्याकडून बदललेल्या यादीचा स्क्रीनशॉट मागवतो, आणि ज्यांचे सिटर आहेत त्यांच्या सिटरकडूनही वेगळा.